शिराताकी, झुकिनी, दुधी: पास्त्याऐवजी खायच्या हलक्या नूडल्सबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घरीच मी स्वयंपाकाचे छोटे वर्ग घेते. वजन किंवा साखर आटोक्यात ठेवायची म्हणून पास्ता सोडलेली बरीच मंडळी येतात, आणि वर्ग संपला तरी त्यांचे फोन आणि निरोप येत राहतात. "वास का येतो?", "सॉस का चिकटत नाही?", "उपवासाला चालतील का?" तीच उत्तरं पुन्हा पुन्हा देण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हा खटाटोप. सुरुवातीला सोपे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. शिराताकी नूडल्स म्हणजे नेमकं काय? हा पास्त्याचाच प्रकार आहे का?

नाही. पास्ता गव्हाच्या रव्याचा असतो. शिराताकी होतात कोन्याकू नावाच्या कंदापासून. हा पदार्थ जपानचा. शिराताकी या शब्दाचा अर्थ 'पांढरा धबधबा'. जपानातलं कोन्याकूचं ९० टक्क्यांहून जास्त पीक एकट्या गुन्मा प्रांतात येतं. चीनमध्ये युन्नान, सिचुआन या भागांतही हा कंद पूर्वीपासून खातात.

आपल्याला हा कंद परका वाटायचं कारण नाही. आपला सुरण, पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका विकायला आणतात ती शेवळं, आणि हा कोन्याकू, तिन्ही 'अ‍ॅमॉर्फोफॅलस' या एकाच प्रजातीतले. नात्याची खूण म्हणजे खाज. तिघांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. आपण सुरणाला चिंच किंवा आमसूल लावतो, शेवळांत काकडं ही आंबट रानफळं घालतो. जपानी लोकांनी चुना वापरला.

कंदाच्या चकत्या सुकवून पीठ करतात. ते पाण्यात फुगवून त्यात चुन्याचं पाणी मिसळतात आणि जाळीतून गरम पाण्यात सोडतात, साधारण आपण शेव पाडतो तसंच. पिठात ग्लुकोमॅनन नावाचा तंतुमय पदार्थ असतो. चुन्यामुळे त्याचं जे घट्ट जेल बनतं ते पुन्हा उकळलं तरी वितळत नाही. म्हणून शिराताकी पास्त्यासारख्या जास्त शिजून गिच्च होत नाहीत. दहा मिनिटं उकळा नाहीतर तासभर, त्या तशाच राहतात.

२. खरंच शून्य कॅलरी असतात का?

अगदी शून्य नाहीत, पण फारच कमी. साध्या शिराताकीत सुमारे ९७ टक्के पाणी असतं आणि उरलेलं बहुतेक ग्लुकोमॅनन, जे आपल्या पाचकरसांना फोडता येत नाही. त्यामुळे १०० ग्रॅममागे साधारण ५ ते १५ कॅलरी पडतात. सोया किंवा ओटचा तंतू मिसळलेल्या प्रकारांत थोड्या जास्त, म्हणून पाकीट वाचावं.

तुलनेसाठी: एका माणसाला ७५ ग्रॅम कोरडा पास्ता धरला तर २६५ ते २७० कॅलरी होतात. झुकिनीत १०० ग्रॅमला सुमारे १७, दुधीत १५च्या आसपास, कोबीत २५.

पण वरून जे पडतं तेही मोजा. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, ३० ग्रॅम चीज म्हणजे आणखी शंभर-सव्वाशे. नूडल्स हलक्या आहेत म्हणून क्रीमचा हात सैल सोडला, तर पास्त्याचीच थाळी परत समोर येते.

३. पाकीट उघडलं की माशासारखा वास येतो. खराब झाल्या आहेत का?

बहुतेक वेळा नाही. कोन्याकूच्या पिठात ट्रायमिथाइलअमिन नावाचा घटक असतो, आणि मासे शिळे होताना जो वास येतो तो याच घटकाचा. शिवाय पाकिटातलं पाणी चुन्याचं, त्यामुळे वास आणखी उठून येतो. बिचाऱ्या शाकाहारी माणसांना हा वास सगळ्यात जास्त छळतो, आणि कितीतरी जण इथेच पाकीट टाकून देतात.

उपाय आपल्या घरात आहेच. मासे साफ केल्यावर आपण लिंबू किंवा कोकमाचं आगळ लावतो ते उगाच नाही, आंबटाने हाच घटक बांधला जातो. नूडल्स धुऊन झाल्या की उकळत्या पाण्यात एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा अर्धं लिंबू पिळा. पुढची कृती प्रश्न ४ मध्ये आहे.

खराब झाल्याच्या खुणा वेगळ्या असतात: पाकीट फुगलेलं, पाणी तारेसारखं चिकट, नूडल्स हाताला बुळबुळीत होऊन तुटणाऱ्या, किंवा धुऊन उकळल्यावरही न जाणारा आंबूस वास. असं काही दिसलं तर टाकून द्या.

४. शिराताकी शिजवायची योग्य पद्धत कोणती?

पाकिटातलं पाणी चाळणीत ओतून टाका. वाहत्या थंड पाण्याखाली हाताने चोळत दीड-दोन मिनिटं धुवा. फार लांब असतात, म्हणून कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. मग उकळत्या पाण्यात (आंबट घालून, प्रश्न ३) दोन-तीन मिनिटं ठेवून पुन्हा निथळा.

यापुढची पायरी लोक हमखास गाळतात आणि सगळी चव तिथेच जाते. लोखंडी कढई किंवा तवा चांगला तापवा आणि तेलाचा थेंबही न घालता नूडल्स त्यावर परता. आधी भसाभस वाफ निघेल, मग कमी होत जाईल. चिमट्याने हलवताना नूडल्स कढईला घासून चूं चूं असा आवाज करू लागतात. पाच ते आठ मिनिटं लागतात. वाफ जवळजवळ थांबली आणि हा आवाज आला की झालं.

पहिल्यांदा मी ही पायरी केली नव्हती. धुतलेल्या नूडल्स थेट टोमॅटोच्या सॉसमध्ये टाकल्या. पाच मिनिटांत ताटलीत गुलाबी पाणी, आणि त्यात तरंगणारे बेचव दोरे. घरात त्या दिवशी कोणीच दुसरा घास घेतला नाही. पाणी आधी बाहेर काढलं तरच चव आत जायला जागा होते. या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीचं मूळ या एका वाक्यात आहे.

५. सॉस नूडल्सला चिकटत का नाही?

पास्त्याच्या अंगावर स्टार्च असतो आणि तो सॉसला धरून ठेवतो. पास्त्याचं पाणी सॉसमध्ये घालतात तेही त्या स्टार्चसाठीच. शिराताकीवर स्टार्च नाही आणि अंग गुळगुळीत. पातळ सॉस घसरून तळाशी जातो.

म्हणून सॉस आधी वेगळा आटवून घट्ट करा, चमच्याच्या पाठीवर थर राहील इतका. कोरड्या केलेल्या नूडल्स त्यात टाकून दोन-तीन मिनिटं मोठ्या आचेवर परता. आपल्या घरातल्या घट्ट करणाऱ्या गोष्टी इथे फार कामाला येतात: दाण्याचं कूट, तिळाचं कूट, भाजलेलं सुकं खोबरं, चक्का, कुस्करलेलं पनीर. कॉर्नफ्लॉवरचं पाणी मी टाळते. त्याने वर चकचकीत थर येतो, पण नूडल्स त्याच्यापासून सुट्याच राहतात.

६. मग कोणते पदार्थ यात चांगले होतात आणि कोणते नाहीत?

माझं मत स्पष्ट आहे: शिराताकी इटालियन पदार्थांत कधीच पूर्ण रुळत नाहीत. लसूण, ऑलिव्ह तेल आणि मिरचीच्या साध्या पास्त्यात गव्हाची चव हीच मुख्य असते. ती काढून घेतली तर उरतं ते तेल लावलेलं रबर. मॅक-अँड-चीजचंही तसंच.

जिथे चव रश्शात किंवा मसाल्यात असते तिथे या नूडल्स छान लागतात. जपानात त्या सुकियाकी आणि ओदेन या पदार्थांच्या रश्शात बराच वेळ मुरवतात. ओदेनमध्ये तर त्यांच्या गाठी बांधून सोडतात, म्हणजे प्रत्येक गाठीत रस साठतो. त्याच धर्तीवर नारळाच्या दुधातला खाऊ स्वे, झणझणीत चिकन सूप, किंवा कोळंबीच्या पातळ रश्शात दहा-पंधरा मिनिटं मंद आचेवर उकळून पाहा. मऊ पडतील ही भीती नाहीच.

वर्गात सगळ्यांना जमणारा प्रकार सांगते, दोन माणसांसाठी. २०० ग्रॅमची दोन पाकिटं प्रश्न ४ प्रमाणे कोरडी करून बाजूला ठेवा. त्याच कढईत एक छोटा चमचा तेल, त्यात सहा पाकळ्या ठेचलेला लसूण, एक चमचा तिखट किंवा दोन सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की तीन मोठे चमचे भरडसर दाण्याचं कूट घालून मिनिटभर परता. एक मोठा चमचा सोया सॉस, किंचित गूळ आणि पाव वाटी पाणी घाला. दाटसर झालं की नूडल्स, उभी चिरलेली सिमला मिरची आणि परतलेलं पनीर किंवा अंड्याची भुर्जी. शेवटी लिंबू आणि भरपूर कोथिंबीर. मीठ चव पाहूनच घाला, सोया सॉस खारट असतो.

७. झुकिनीच्या नूडल्सचा लगदा होतो. काय चुकतं?

बहुधा त्या उकळल्या जातात. झुकिनीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, उकळायची गरजच नाही. लहान किंवा मध्यम आकाराची, घट्ट झुकिनी घ्या. सालासकट लांब पट्ट्या काढा आणि मधला बियांचा मऊ भाग सोडून द्या (तो सूपमध्ये किंवा थालीपिठात जातो). दोन झुकिनींना अर्धा छोटा चमचा मीठ चोळून चाळणीत वीस मिनिटं ठेवा. मग स्वच्छ पंचात बांधून, कोबीच्या वडीसाठी कोबी पिळतो तसं पण जरा हलक्या हाताने पिळा.

तवा खूप तापवा, नूडल्स एक ते दोन मिनिटं परता आणि लगेच उतरवा. सॉस वेगळा गरम करून खायच्या क्षणी वरून घाला. झाकण ठेवू नका. झाकणाखाली वाफ कोंडते आणि तिचं पाणी पुन्हा नूडल्समध्ये येतं. मीठ आधीच लागलंय, सॉसमध्ये कमी घाला.

८. स्पायरलायझर (भाजीचे लांब दोरे काढायचं यंत्र) नाही. घ्यावा का?

आधी नको. सोलाण्याने लांब रुंद पट्ट्या काढा, त्या चार-पाच एकावर एक ठेवून सुरीने उभ्या चिरा. जाड भोकांच्या किसणीवर एकाच दिशेने लांब ओढत किसलं तरी बऱ्यापैकी लांब दोरे निघतात. महिनाभर असं करून पाहा. सवय टिकली तर यंत्र घ्या.

९. झुकिनी महाग पडते. आपल्याकडच्या कोणत्या भाज्या चालतील?

कोवळा दुधी उत्तम. मीठ लावून पिळायची कृती झुकिनीसारखीच (प्रश्न ७), फक्त साल काढा आणि परतायला मिनिटभर जास्त द्या. काकडी शिजवू नका. तिच्या पट्ट्या काढून दाण्याचं कूट-लिंबाच्या सॉसमध्ये थंडच खा. कच्च्या पपईचे दोरे सुंदर कुरकुरीत राहतात, पण गर्भवतींनी ती टाळावी.

माझी सगळ्यात आवडती मात्र कोबी. पानं गुंडाळून अगदी बारीक लांब चिरायची आणि तापलेल्या लोखंडी कढईत तीन-चार मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परतायची. पाणी सुटत नाही, गोडसर चव येते, टोमॅटोचा सॉसही नीट धरते. दिसायला नूडल्ससारखी फारशी नाही, पण चवीला शिराताकीपेक्षा मला ती जवळची वाटते.

एक इशारा गंभीरपणे घ्या. दुधी, झुकिनी, काकडी चिरायच्या आधी एक छोटा तुकडा जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका आणि पूर्ण फळ टाका. हा कडूपणा कुकुर्बिटासिन या विषारी घटकाचा असतो, शिजवून जात नाही, आणि त्याने उलट्या-जुलाबांपासून पोटात रक्तस्रावापर्यंत मजल जाऊ शकते. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. मीठ-साखर घालून कडूपणा झाकायचा प्रयत्न करू नका.

१०. नाचणी, ज्वारीच्या नूडल्स किंवा शेवया कमी कॅलरीच्याच ना?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरला आहे. नाचणी असो, ज्वारी असो, गहू असो, कोरड्या धान्यात १०० ग्रॅमला साधारण ३२० ते ३७० कॅलरी असतातच. भरडधान्यांत तंतू जास्त, नाचणीत कॅल्शियम भरपूर, त्यामुळे त्या जरूर खाव्यात, पण कॅलरी कमी करायचं काम त्यांच्याकडून होत नाही. पुष्कळ 'मिलेट नूडल्स'च्या पाकिटावर घटकांत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं किंवा मैद्याचं असतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणून पहिली दोन नावं वाचली तरी कळतं. तळून सुकवलेल्या इन्स्टंट नूडल्समध्ये तर कॅलरी पास्त्याहून जास्त.

११. आम्ही परदेशात राहतो. इथे स्पॅगेटी स्क्वॉश, पाम हार्ट्स, केल्प नूडल्स मिळतात. ते कसे?

स्पॅगेटी स्क्वॉश भोपळ्याचाच भाऊबंद. त्याचे दोरे आतून गोल फिरतात, म्हणून लांब दोरे हवे असतील तर उभा न कापता आडवा कापा. बिया काढून, तेलाचा हात लावून २०० अंश सेल्सियसला ३५ ते ४५ मिनिटं भाजा आणि काट्याने सोडवा. १०० ग्रॅमला ३० कॅलरींच्या आसपास. किंचित गोड असतो, त्यामुळे तिखट टोमॅटो सॉस छान जमतो.

पाम हार्ट्सच्या नूडल्स ताडवर्गातल्या झाडांच्या कोवळ्या गाभ्याच्या. डब्यातल्या असतील तर आंबटपणा काढायला धुऊन दहा मिनिटं पाण्यात ठेवा. इटालियन सॉससोबत माझ्या मते सगळ्या पर्यायांत याच सरस. केल्प नूडल्स समुद्रशेवाळापासूनच्या, पारदर्शक आणि कुरकुरीत. धुऊन कच्च्याच सॅलडमध्ये घाला.

१२. लसान्या किंवा बेक्ड पास्ता करता येईल का?

शिराताकीने नको. ओव्हनमध्ये आतलं पाणी हळूहळू सुटत राहतं आणि तळाशी साचतं. लसान्यासाठी झुकिनीचे किंवा वांग्याचे अर्ध्या सेंटीमीटरचे लांब काप मीठ लावून निथळा, पुसा आणि कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा. मगच थर लावा. सॉस नेहमीपेक्षा घट्ट ठेवा आणि ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका.

१३. खाल्ल्यावर तासाभरात भूक लागते.

लागणारच, ताटात प्रथिनं नसतील तर. शिराताकीत प्रथिनं जवळजवळ नाहीत, जीवनसत्त्वंही नाहीत. भाज्यांच्या नूडल्समध्ये जीवनसत्त्वं मिळतात, पण प्रथिनांची बोंब तिथेही आहेच. दोन अंडी, १०० ग्रॅम पनीर किंवा चिकन, वाटीभर मोड आलेली मटकी किंवा राजमा, यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी हवं. फक्त नूडल्स आणि सॉस खाऊन दुपार काढणाऱ्यांना संध्याकाळी फरसाणाचा डबा आठवतो, आणि त्यात त्यांचा दोष नसतो.

माझ्या घरी बहुतेक वेळा अर्धा-अर्धा हिशेब असतो: माणशी ४० ग्रॅम खरा पास्ता आणि त्यात एक पाकीट कोरडी केलेली शिराताकी. पास्त्याचा स्टार्च सॉसलाही धरतो (प्रश्न ५). कॅलरी जवळपास निम्म्या आणि खाणाऱ्याच्या चेहऱ्यावर समाधान. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी इथूनच करावी असं मी मनापासून सांगते.

१४. उरल्या तर कशा ठेवायच्या? फ्रीझरमध्ये चालतील का?

न उघडलेलं पाकीट बाहेर कपाटात बरेच महिने टिकतं, तारीख पाहा. उघडल्यावर धुऊन, स्वच्छ पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, रोज पाणी बदला आणि तीन दिवसांत संपवा.

फ्रीझरमध्ये अजिबात नको. गोठताना जेलमधलं पाणी बर्फ होऊन वेगळं होतं आणि वितळल्यावर हातात स्पंज येतो. चीनमध्ये अमेई पर्वताच्या भागात कोन्याकू मुद्दाम गोठवून सुकवतात, त्याला 'हिम-कोन्याकू' म्हणतात, आणि तो जाळीदार तुकडा रस्सा शोषून घ्यायला उत्तम असतो. पण तिथे ठोकळा वापरतात. आपल्या बारीक नूडल्सचे मात्र चिवट दोरे होतात.

डब्यासाठी शिराताकी चांगल्या, कारण त्या चिकटून गोळा होत नाहीत. झुकिनी डब्यात नेऊ नका, दुपारपर्यंत पाणी सुटतं.

१५. मधुमेहात रोज खाल्ल्या तर चालतील?

कर्बोदकं नगण्य असल्यामुळे जेवणानंतरची साखर पास्त्याइतकी चढत नाही. धोका उलट बाजूने आहे. जे इन्सुलिन घेतात किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेतात, त्यांचा डोस नेहमीच्या पोळी-भाताच्या हिशेबाने ठरलेला असतो. तेवढाच डोस घेऊन ताटात मात्र शिराताकी असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते: घाम, थरथर, चक्कर. जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला आणि पहिले काही दिवस साखर तपासा.

दुसरं, ग्लुकोमॅननमुळे पोटातून औषध शोषलं जायला उशीर होऊ शकतो. गोळ्या आणि या नूडल्स यांत किती अंतर ठेवायचं तेही विचारून घ्या.

१६. पोटात अडकतात असं ऐकलं. मुलांना, आजी-आजोबांना द्याव्यात का?

ही भीती अर्धी खरी आहे. कोरडं ग्लुकोमॅनन पाण्यात अनेक पट फुगतं. त्याच्या गोळ्यांवर ऑस्ट्रेलियाने १९८० च्या दशकातच बंदी घातली होती, कारण त्या अन्ननलिकेत फुगून अडकत होत्या. छोट्या कपातल्या कोन्याकू जेलीच्या गोळ्या घशात अडकून मुलं दगावली, म्हणून २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारे दिले आणि २००२ मध्ये युरोपीय संघाने तशा जेलीवर बंदी आणली. नूडल्स आधीच फुगलेल्या असतात, त्यामुळे तो धोका इथे तसा नाही.

तरीही त्या चिवट असतात आणि न चावता गिळल्या तर तशाच पुढे जातात. म्हणून बोटभर लांबीत कापा, नीट चावा, सोबत पाणी प्या, आणि सुरुवातीला अर्धंच पाकीट खा. एकदम जास्त खाल्ल्यास गॅस आणि पोटफुगी होते. गिळायला त्रास असलेली वयस्कर माणसं, आतड्याची शस्त्रक्रिया झालेले किंवा आतडं अरुंद झालेले, जठर सावकाश रिकामं होणारे रुग्ण, यांनी टाळाव्यात. लहान मुलांना मी देतच नाही. त्यांना वाढीसाठी कॅलरी हव्यात, त्यांच्या ताटात साधा पास्ता वाढा.

१७. उपवासाला चालतील? आणि जैन घरात?

सुरण उपवासाला चालतो, मग त्याच्या कुळातला कोन्याकू का नाही, असं श्रावणात मला दरवर्षी विचारतात. आपल्या शास्त्राने या कंदाबद्दल काही सांगितलेलं असण्याची शक्यता नाही, तेव्हा निर्णय तुमच्या घरच्या रीतीचा. माझ्या सासूबाईंनी हा सुरणाचा चुलतभाऊ आहे कळल्यावर दाण्याच्या कुटात, सैंधव घालून आनंदाने खाल्ल्या. पण पाकीट वाचा: ओटचा किंवा सोयाचा अंश असेल तर उपवासाला बाद. सोया सॉसही नको, त्यात सोयाबीन आणि बहुधा गहू असतो.

कंदमूळ वर्ज्य असलेल्या जैन घरांत शिराताकी चालणार नाहीत, नाव कितीही वेगळं असलं तरी तो कंदच. तिथे झुकिनी, दुधी, काकडी, कोबी घ्या (प्रश्न ७ आणि ९).

१८. पूर्ण शाकाहारी असतात ना?

मूळ घटक शाकाहारीच. दोन ठिकाणी लक्ष द्या. काही जपानी उत्पादक चुन्यासाठी शिंपल्यांपासून केलेलं कॅल्शियम वापरतात; काटेकोर शाकाहारींनी घटकांत ते पाहावं. आणि सॉससकट येणाऱ्या जपानी पाकिटांत सॉसमध्ये बहुधा माशाचा अर्क असतो. करड्या रंगाच्या कोन्याकूत दिसणारे काळे ठिपके मात्र निरुपद्रवी, ती समुद्रशेवाळाची पूड असते.

१९. ग्लुटेन चालत नाही. बिनधास्त खाऊ का?

कोन्याकूत ग्लुटेन नाही. ओटचा तंतू मिसळलेला असेल तर 'ग्लुटेनमुक्त' असं स्पष्ट छापलेलं पाकीटच घ्या, आणि नेहमीच्या सोया सॉसऐवजी तामारी नावाचा बिनगव्हाचा सोया सॉस वापरा.

२०. घरी सुरणापासून करता येतील का?

सुरणापासून नाही. सुरणात मुख्यतः स्टार्च असतो, त्यामुळे त्याच्या नूडल्स बटाट्याच्या जवळ जातील आणि कॅलरीही तशाच. ग्लुकोमॅनन भरपूर असतं ते कोन्याकूत.

कोन्याकूचं पीठ मिळालं तर मात्र घरी जमतं. २५ ग्रॅम पीठ ७५० मिलिलीटर कोमट पाण्यात भुरभुरवत सतत ढवळा आणि तासभर झाकून ठेवा, खळीसारखं दाट होईल. सव्वा ग्रॅम खाण्याच्या चुन्याची कोरडी पूड ५० मिलिलीटर पाण्यात कालवून त्यात घाला आणि हाताने (हातमोजे घालून) भराभर मळा. आधी मिश्रण फुटल्यासारखं होईल, घाबरू नका, मळत राहिलात की पुन्हा एकजीव होतं. सोऱ्याला शेवेची जाड चकती लावून, हलकेच उकळणाऱ्या पाण्यात पाडा आणि वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळू द्या. नंतर थंड पाण्यात ठेवून ते पाणी दोन-तीनदा बदला, चुन्याचा वास उतरतो. पुढे प्रश्न ४ प्रमाणे.

पानाच्या डबीतला ओला चुना यात घेऊ नका, त्यात पाणी किती ते मोजता येत नाही आणि जास्त झाला तर तोंड भाजतं. कोरडं पीठ चाखूनही पाहू नका, कारण प्रश्न १६ मध्ये आहे. मुलं स्वयंपाकघरात असतील तर पिठाची बरणी वरच्या फळीवर, नाव लिहून ठेवा.